कच्चा ठेवलेला क्लच

भावजी,

तुम्ही गेल्याला आठ महिने झाले. म्हणजे आता तुम्हांला उलट बोलता येत नाही, आणि ही सोय मला त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच मिळते आहे. ती मी पुरेपूर वापरणार. तुमच्यावर कुणीतरी लिहावं असं गॅरेजातल्या मंडळींनी ठरवलं आणि 'तुम्ही कॉलेजात शिकलेल्या' असं म्हणत काम माझ्या गळ्यात घातलं. गुणगान मला जमत नाही. डिझेलने माखलेला हात तुम्ही माझ्या बिस्किटांच्या डब्यात घालायचात, हे मी अजून विसरलेले नाही. त्यापेक्षा तुमच्या धाकट्या लेकीच्या ट्रकचं सांगते. त्यात तुम्ही सगळेच्या सगळे येता, खोडींसकट. आणि हो, लिहिताना तुम्हांला 'मिस्त्री' आणि 'तो' म्हणणार आहे. रागावू नका. घरी कितीही मान असो, गोष्टीत शिरलेल्या माणसाला 'तो'च म्हणतात.

तर, मिस्त्रीचं गॅरेज वजनकाट्याच्या मागे होतं. वर पत्रे, जमिनीत गाडीखाली शिरायला दोन खड्डे, आणि भिंतीवर प्रत्येक पान्याचा आकार पांढऱ्या रंगाने काढलेला. पाना जागेवर नसला की भिंतच चुगली करायची. गिऱ्हाइकासाठी एकच खुर्ची होती आणि तिच्या मोडक्या पायाच्या जागी एका मेलेल्या इंजिनाचा लोखंडी दांडा जोडलेला. त्या खुर्चीत रेलून बसायची कुणाची छाती झाली नाही. डिझेल सोडून मिस्त्रीने आयुष्यात कशाला हात लावला नाही. पेट्रोलची गाडी चुकून दारात आली तर तो तिला पाणी विचारायचा आणि वाटेला लावायचा.

ट्रकची ताकद वाढवून द्या म्हणून कुणी आलं की तो पाना उचलत नसे, खडू उचले. वाढलेला जोर ज्याच्या ज्याच्या अंगावर पडणार, त्या प्रत्येक भागावर तो एक रेघ मारायचा. इंजिनाचं झाकण दाबून धरणारे स्टड, झाकणाखालची फट बंद करणारं गॅस्केट, पाणी थंड करणारा रेडिएटर, मग क्लच, मग गिअरबॉक्स, असं करत करत थेट मागच्या चाकापर्यंत. प्रत्येक रेघेला मालकाकडे वळून शांतपणे विचारायचा, याचं काय? मालक म्हणायचा, धरेल हो. बरं, म्हणून मिस्त्री पुढे. चौथ्या-पाचव्या 'धरेल'पर्यंत मालकाचा आवाज बसलेला असायचा. निम्मे लोक तिथूनच काढता पाय घ्यायचे. उरलेले त्याच्या हाती गाडी सोपवून जायचे आणि तीन आठवडे फोन करकरून त्याचं डोकं खायचे.

हा खडू त्याच्या हातात आला थोरल्या भावाच्या लग्नामुळे. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि आपल्याला इंजिन कळतं असं त्याला वाटत होतं. नवऱ्याकडची अठ्ठावीस माणसं ट्रकमधून निघणार होती. आदल्या दिवशी याने कुणालाही न सांगता डिझेल-पंपाचा स्क्रू दीड आटा फिरवून ठेवला. जास्त डिझेल, जास्त जोर, मंडळी वेळेआधी पोचतील, हा त्याचा हिशेब. ट्रक खरंच उडत निघाला. अर्ध्या वाटेवर झाकणाखालचं गॅस्केट फाटलं, पांढऱ्या वाफेचा लोट उठला आणि अठ्ठावीस माणसं नव्या कपड्यांत पुलाच्या कठड्यावर ओळीने बसली. नवरदेवाने बुटात माती जाऊ नये म्हणून पाय वर घेतले होते. नवरी तीन तास ताटकळली. लग्न लागल्यावर तिने दिराला गाठून विचारलं, काय केलं होतंत? त्याने खरं ते सांगितलं. यावर ती म्हणाली, "आत जाळ वाढवलात ते समजलं. बाकीचं काय केलंत?"

बाकीचं म्हणजे काय, हे त्या दिवशी त्याला कळलं नाही. पण प्रश्न काट्यासारखा रुतला. महिन्याभरात त्याने ते इंजिन पूर्ण खोललं, प्रत्येक भाग जमिनीवर मांडला, आणि कोण कुणाच्या जिवावर उभं आहे ते शिकला. वहिनीने पुढे चार माणसांत ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की सगळ्यांना ती पाठ झाली. मिस्त्री प्रत्येक वेळी तेवढाच लाजायचा.

त्याला दोन मुली. थोरली ऑफिसात जाते, तिचं सगळं सुरळीत, म्हणून तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. धाकटी मात्र खड्ड्याच्या काठावर वाढली. तिने शिक्षण पुरं केलं, दीड वर्ष एका कचेरीत खुर्ची उबवली, आणि एके दिवशी जुना ट्रक घेऊन घरी आली. आईने दोन दिवस अबोला धरला. मिस्त्री ट्रकखाली शिरला, तासाभराने बाहेर आला आणि म्हणाला, इंजिन थकलेलं आहे पण खोटारडं नाही. घरात तीच परवानगी समजली गेली.

धाकटीला काम मिळालं ते डोंगरावरच्या नव्या रुग्णालयाचं. विटा, सळया, सिमेंट वर न्यायचं. वर जाणारा रस्ता अरुंद, अकरा वळणांचा, समोरून दुसरा ट्रक आला तर दोघांनी एकमेकांचं तोंड बघत बसावं असा. म्हणून तिथे फाटक होतं. सकाळी सातला वर जाणाऱ्या गाड्या सोडायच्या, पावणेआठला वरच्या गाड्या खाली सोडायच्या. संध्याकाळी चारला तशीच दुसरी फेरी. पावणेआठला जी गाडी अजून चढावर रस्त्यात सापडेल ती उशिराची. तीनदा उशीर झाला की पास रद्द, आणि पास नाही तर काम नाही. धाकटीचा ट्रक भरल्या वजनाने बावन्न मिनिटं घ्यायचा. दोन उशीर तिच्या नावावर लागले होते. फाटकवाला माणूस वाईट नव्हता, पण नियमाच्या बाबतीत त्याचे कान बंद असायचे.

तिने दहा दिवसांची सुटी मागून घेतली. मोठ्या रस्त्यावर गाडीला लॅपटॉप जोडून ताकद वाढवून देणाऱ्या एका लॅपटॉपवाल्याने नवं दुकान थाटलं होतं. काचेचं दार, थंड हवा, भिंतीवर धूर सोडणाऱ्या ट्रकांची चित्रं. तो म्हणाला, जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो आणि जास्त डिझेल सोडणारे मोठे इंजेक्टर, सकाळी द्या, दुपारी घेऊन जा. एक दाढीवाला ड्रायव्हर त्याच घाटात चालायचा, त्याने नुकतंच करून घेतलं होतं आणि तो अडतीस मिनिटांत वर पोचत होता. धाकटी ते सगळं बापाच्या कानावर घालायला आली. मिस्त्रीने ऐकलं आणि खिशातून खडू काढला.

"बाबा, मला रेघा माहीत आहेत," ती म्हणाली. "माझ्याकडे दहा दिवस आहेत. दहा दिवसांत काय होतं ते बोला."

मग बाप-लेकीत जे काही सुरू झालं ते तीन दिवस चाललं, हातात पाने असताना, जेवताना, दोघांपैकी एक खड्ड्यात आणि एक वर असताना. टर्बो आणि इंजेक्टर हवेतच, यावर दोघांचं एकमत होतं. मिस्त्री म्हणायचा, टर्बो हा जावयासारखा असतो, एकटा येत नाही, त्याच्यासाठी घर आवरावं लागतं. धाकटी म्हणायची, म्हणूनच मी लग्नाचं नाव काढत नाही. स्टड बदलायचे ठरले. गॅस्केट जाड पत्र्याचं. रेडिएटर मोठा, आणि धुराची उष्णता दाखवणारा काटा ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. एवढं दहा दिवसांत बसत होतं. धाकटीने विचारलं, आणि क्लच? भारी क्लच कधी बसवायचा?

मिस्त्री म्हणाला, क्लच आहे तोच राहील.

तिला वाटलं बाप थट्टा करतोय. जन्मभर दुसऱ्यांना बाकीचं काय, बाकीचं काय म्हणून छळणारा माणूस पोटच्या पोरीच्या गाडीत एक भाग जुना ठेवतो म्हणजे काय? सगळ्यांना बूट आणि एकालाच चप्पल का, असं तिने विचारलं. मिस्त्रीने सांगून पाहिलं. या ट्रकचा गिअरबॉक्स जुन्या घडणीचा, तो आता बाजारात मिळत नाही. क्लच भारी केला की सगळा जोर थेट त्याच्या दातांवर. साधा क्लच असला तर जोर फार झाल्यावर तो घसरेल, वास येईल, ड्रायव्हरला कळेल. आणि गेलाच तर मी उताणा झोपून एका दिवसात बदलेन. काहीतरी मोडायचंच असेल तर ते आपल्या हातातलं मोडावं.

हे शहाणपणही त्याचं स्वतःचं नव्हतं. पूर्वी एकदा वहिनीच्या घरातला फ्यूज सारखा जायचा, तेव्हा याने मोठ्या प्रेमाने त्यात बोटाएवढी जाड तार घातली, आता हा बापजन्मी जाणार नाही म्हणून. तो गेला नाही. भिंतीतली वायर जळली, इस्त्री जळली, आणि वहिनीने त्याला दारातच उभं करून सुनावलं की फ्यूज मरण्यासाठीच असतो, त्याला अमर करणारे तुम्ही कोण? या माणसाला दोन गोष्टी कळायला दोनदा जाळपोळ करावी लागली, पण एकदा कळलं की हाडात भिनायचं.

धाकटीला मात्र पटलं नाही. दिवस नव्हते म्हणून तिने माघार घेतली. तिच्या शब्दांत सांगायचं तर तिने ऐकून घेतलं, मान्य केलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी सातला भरलेला ट्रक फाटकाशी उभा राहिला. शेजारच्या सीटवर मिस्त्री, गुडघ्यांवर दोन्ही हात, तोंड घट्ट मिटलेलं. काही बोललात तर खाली उतरवीन, अशी त्याला तंबी होती. रांगेत सहा ट्रक. धाकटीच्या पुढे दाढीवाला, मागे आणखी चौघं. फाटक उघडलं तसा दाढीवाला काळा धूर सोडत निघाला आणि दोन वळणांत दिसेनासा झाला. धाकटीचा ट्रकही चढ असा चढू लागला की मिस्त्रीला हसू आवरेना. ते लपवायला तो खिडकीबाहेर बघत बसला. तिसऱ्या वळणावर क्लच जळल्याचा वास आला. धाकटीने नाक वर केलं, गिअर एक खाली घेतला, वास थांबला. ती म्हणाली, काही बोलू नका. तो म्हणाला, मी कुठे बोललो?

सातव्या वळणाच्या अलीकडे मिस्त्री एकदम पुढे झुकला. दिसलं काहीच नव्हतं, पण उकळत्या रेडिएटरच्या पाण्याचा तो गोडसर वास त्याच्या ओळखीचा होता. वळल्यावर दिसलं: दाढीवाल्याचा ट्रक रस्त्याच्या मध्यावर उभा, पुढून पांढरी वाफ, आणि दाढीवाला चाकांमागे दगड लावतोय. जाळ वाढवला होता, झाकण तेच होतं. गॅस्केट फाटलं होतं.

बाजूने जायला जागा नव्हती. सात वीस झाले होते. पावणेआठपर्यंत हा ट्रक हलला नाही तर पाठची पाचही वाहनं उशिराची ठरणार, आणि धाकटीचा तिसरा उशीर. पुढे चाळीस पावलांवर वळणाच्या आतल्या बाजूला मोकळी जागा होती, दोन ट्रक उभे राहतील एवढी. दाढीवाल्याला तिथवर ढकलता आलं तर रस्ता मोकळा. धाकटीने बापाकडे पाहिलं.

"ढकलू?"

"इंजिन ढकलेल," मिस्त्री म्हणाला.

"इंजिनाचं कोण विचारतंय?"

मिस्त्रीने चढाकडे पाहिलं, मग मनातल्या मनात दोन भरलेल्या ट्रकांचं वजन केलं. "क्लच जाईल. चाळीस पावलं टिकेल की वीस, ते मला सांगता येत नाही."

"आणि भारी क्लच असता तर?"

इथे तो खोटं बोलू शकला असता. मोठ्या माणसांना ते जमतं. तो म्हणाला, "असता तर कदाचित ढकलून वरही पोचलो असतो. मला माहीत नाही, पोरी."

तिने दोन सेकंद विचार केला आणि खाली उतरून मागच्या ट्रकवाल्याकडून जुना टायर आणला. तो दोन्ही ट्रकांच्या मध्ये बांधला. दाढीवाला आपल्या स्टिअरिंगवर बसला, मिस्त्री दगड काढायला खाली. पहिला गिअर. ट्रक थरथरला, पुढचा ट्रक हलला, आणि दहा पावलांनंतर धाकटीच्या ट्रकखालून असा धूर निघू लागला की मागचे चौघं खाली उतरून बघत राहिले. मिस्त्री दोन्ही हातांत दगड घेऊन बाजूने चालत होता आणि पावलं मोजत होता. एकतिसाव्या पावलाला ट्रक अडखळला. छत्तिसाव्या पावलाला दाढीवाल्याचं पुढचं चाक मोकळ्या जागेत शिरलं. धाकटीने तरीही पाय काढला नाही. दाढीवाला पूर्ण आत गेला, त्याच्यामागे तिचा ट्रक शिरला, आणि मग इंजिन मोकळं ओरडू लागलं. क्लच संपला होता. मागचे चारही ट्रक एकेक करून पुढे गेले. प्रत्येकाने हॉर्न वाजवला. शेवटचा पावणेआठला दोन मिनिटं कमी असताना वर पोचला, हे नंतर कळलं.

थोड्या वेळाने फाटकवाला मोटारसायकलवरून तपासणीला आला. रस्त्यात सापडलेली गाडी उशिराची, पण मोकळ्या जागेत उभी असलेली रस्त्यावर धरत नाहीत. त्याने धाकटीच्या ट्रकला फेरी मारली आणि मागच्या चाकाशी थांबला. चाक रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर आहे की आत, हे त्याला ठरवता येईना. तो वाकला, उकिडवा बसला, शेवटी जमिनीला गाल लावून बघू लागला. मिस्त्रीने त्याला खडू दिला. म्हणाला, साहेब, तुम्हीच रेघ मारा. फाटकवाल्याने टायरच्या कडेने रेघ मारली आणि चार बोटं मोजली. चार बोटं आत. तो उठला, कपडे झटकले आणि म्हणाला की आत आहे, पण ही इथेच म्हातारी व्हायला नको. मिस्त्रीने सांगितलं, उद्या सातच्या फेरीत वर असेल.

मग फोन झाले. मिस्त्रीने वहिनीला फोन करून सांगितलं की दुकानातून साधी क्लच-प्लेट घेऊन चारच्या फेरीला वर या. पाच मिनिटांनी धाकटीने काकूला स्वतंत्र फोन करून सांगितलं की भारी प्लेट आणा, बाबांना बोलू नका. वहिनीने दोन्ही घेतल्या. आपल्या छोट्या गाडीतून ती फाटकाशी ट्रकांच्या रांगेत तासभर उभी राहिली आणि वर पोचल्यावर दोन्ही खोकी बॉनेटवर ठेवून म्हणाली, घ्या, तुमचं तुम्ही भांडा, मला चहा हवाय. चहा तिथे कुठला मिळणार? दाढीवाल्याच्या थर्मासातला गारढोण मिळाला.

गिअरबॉक्स तोवर खाली उतरवलेला होता. मिस्त्री, धाकटी आणि दाढीवाला, तिघांनी दिवसभर त्याच्याशी झोंबी घेतली होती. दाढीवाला स्वतःच्या ट्रकचं दुःख विसरून जॅक धरून बसला होता आणि मधूनमधून लॅपटॉपवाल्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत होता. मिस्त्री त्याला म्हणाला, त्याला शिव्या देऊ नका, मी बाविसाव्या वर्षी हेच केलं होतं, आणि तेही फुकट.

गिअरबॉक्सच्या बाजूचं झाकण काढून मिस्त्रीने आत बॅटरीचा उजेड टाकला. बराच वेळ बघितलं. मग बॅटरी धाकटीच्या हातात दिली. पहिल्या गिअरच्या दोन दातांच्या कडा टवका उडाल्यासारख्या झाल्या होत्या. ताज्या, चकचकीत. साधा क्लच घसरत असतानाही एवढं झालं होतं. भारी असता तर उरलेल्या दातांचं काय झालं असतं, ते सांगायला कुणाची गरज नव्हती.

धाकटीने बॅटरी बंद केली. हात पुसले. बॉनेटजवळ गेली, दोन्ही खोक्यांकडे पाहिलं आणि साधी प्लेट उचलून बापापुढे धरली.

"हीच बसवा," ती म्हणाली. "पण तुम्ही म्हणालात म्हणून नाही."

"मुळीच नाही," मिस्त्री म्हणाला, आणि ट्रकखाली सरकला.

दुसऱ्या दिवशी सात वाजून अठरा मिनिटांनी तिने मोकळ्या जागेतून रांगेत ट्रक घातला आणि वेळेत वर गेली. पुढच्या आठवड्यात खालपासून वरपर्यंत त्रेचाळीस मिनिटं लागली, मग बेचाळीस. पास राहिला. रुग्णालय उभं राहिलं, त्याच्या निम्म्या विटा तिने वाहिल्या. दाढीवाल्याचा ट्रक दुसऱ्या गाडीमागे टोचन करून गॅरेजात आला आणि त्या खुर्चीत बसून त्याने रेघांवर रेघा सोसल्या. क्लचवरच्या रेघेला मिस्त्रीने त्याला विचारलं, इथे काय करू? तो म्हणाला, ते साधंच ठेवा. मिस्त्री इतका खूश झाला की त्याला आपल्या डब्यातली भाकरी दिली.

भारी प्लेट माझ्याच गाडीच्या डिकीत राहिली, भावजी. परत करू या असं मी म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, थांबा, नदीपलीकडे भंगारवाल्याकडे या ट्रकला बसेल असा मोठा गिअरबॉक्स आहे असं ऐकलंय. तो मिळाला की ही प्लेट लागेल. मिस्त्रीने मोटारीची भीक मागायची नसते, पण वहिनी, तुमच्या गाडीतून मंगळवारी जाऊन येऊ या. त्या मंगळवारी तुमच्या खड्ड्यात एक बस अडकलेली होती. पुढच्या मंगळवारी माझ्या डोळ्यात औषध घातलेलं, मला समोरचा माणूस दिसत नव्हता. मग तुम्हांला खोकला झाला, मग मी बहिणीकडे गेले, मग आपण दोघेही नुसतं 'मंगळवार' म्हणून हसू लागलो. वळणावर प्लेट डिकीत या बाजूची त्या बाजूला जाते आणि मागे बसलेला माणूस विचारतो, हे काय वाजतंय? शेवटच्या वेळी दवाखान्यात तुम्ही म्हणालात, या मंगळवारी नक्की. मी म्हटलं, सकाळी नऊला तयार राहा, मला वाट बघायला लावू नका.